तिसऱ्या खिडकीखालची खूण

मित्रांनो, मोटारीच्या मागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर तुम्ही कदाचित पाहिले नसेल. त्याला कारवान म्हणतात. मी असाच एक जुना कारवान आहे. मला दोन चाके, एक दार आणि चार खिडक्या आहेत, आणि स्वभाव म्हणाल तर मी पहिल्यापासून काळजीखोर. जन्मभर दुसऱ्याच्या मागे मागे जाणाऱ्याने काळजी करायची नाही, तर कोणी करायची? पुढचा रस्ता मला दिसत नाही. खड्डा आला होता हे मला तो लागल्यावर कळते.

आज मी इस्राएलच्या दक्षिण भागात, ओफाकिम गावात, जेकब वाक्रूळकर यांच्या घरामागच्या अंगणात उभा आहे. माझ्या तिसऱ्या खिडकीच्या खाली, आतल्या बाजूला, खडूच्या दोन खुणा आहेत. त्या कशा आल्या ते मला तुम्हाला सांगायचे आहे. एकदा मला सगळे माहीत असूनही बोलता आले नव्हते. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

माझा जन्म १९७९ साली जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडी सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूडच्या भिंती. खिडक्यांना काच नव्हती, कारण रस्त्याच्या हादऱ्यांनी काच तडकते. काचेच्या जागी ॲक्रिलिकची पारदर्शक तावदाने होती. माझ्या खिडक्या वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेल्या आहेत. आतून ढकलल्या की पेटाऱ्याच्या झाकणासारख्या बाहेर उघडतात, आणि खालच्या दोन खिट्ट्या लावल्या की घट्ट बसतात. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ या दोन खिट्ट्यांनी घातला.

एका हौशी जोडप्याने मला बोटीतून हैफा बंदरात आणले आणि समुद्रकाठाने फिरवत अश्केलोनच्या किनाऱ्यापर्यंत नेले. तिथे त्यांची मोटार बंद पडली ती कायमची. ती माणसे विमानाने परत गेली आणि मी तंबूंच्या मैदानात एका कोपऱ्यात पडून राहिलो. खारा वारा माझा पत्रा खात होता. माझ्या कपाटात मांजरी व्यायच्या. येणारे-जाणारे नाक मुरडत. सहा वर्षे माझ्याकडे कोणी धड बघितले नाही, आणि रोज सकाळी मला वाटायचे, आज भंगारवाला येणार.

१९९२ साली भंगारवाल्याच्या आधी जेकब आजोबा आले. तेव्हा ते आजोबा नव्हते, छप्पन वर्षांचे धडधाकट सुतार होते. मूळचे ते कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले यहुदी. तरुणपणी मुंबईला परळच्या रेल्वे वर्कशॉपात आगगाडीच्या डब्यांना खिडक्या बसवायचे काम त्यांनी केले. पस्तिसाव्या वर्षी बायकोला घेऊन ते इस्राएलला आले आणि ओफाकिमच्या एका कारखान्यात लाकूडकामाला लागले. त्यांनी माझ्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला, आणि बायकोला म्हणाले, "डिना, बॉडी साउंड हाय. लाकडाला काय झालं नाय."

डिना आजी दारातून आत डोकावल्या. "आनि ऱ्हानार कोन ह्यात? मांजरं?"

राहिली ती दोघेच. दर उन्हाळ्यात आजोबा मला मोटारीला जोडून अश्केलोनच्या समुद्रावर नेत. महिनाभर माझ्या छोट्या चुलीवर नारळाच्या दुधातले कालवण शिजे आणि वास चार तंबूंपर्यंत जाई. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आधी, म्हणजे त्यांचा आठवड्याच्या विसाव्याचा दिवस सुरू व्हायच्या आधी, आजी काळ्या मनुकांचे सरबत गाळून ठेवत. कोकणात द्राक्षाची दारू कुठून मिळायची? म्हणून त्यांच्याकडे मनुकांच्या सरबतावरच प्रार्थना म्हणत. इथे दुकानात हव्या तेवढ्या बाटल्या मिळत, पण आजींनी मनुका काही सोडल्या नाहीत. शेजारच्या तंबूतली माणसे मला बघायला येत आणि म्हणत, किती छान ठेवलाय! मी वरवर गप्प राही, पण मनातून फुगत असे.

आता आजोबांच्या एका सवयीबद्दल सांगतो. वर्कशॉपात डबा तपासला की त्यावर खडूने खूण करायची पद्धत होती. ती सवय आजोबांच्या हाडात मुरली होती. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे. निघायच्या आधी ते माझ्या चारही खिडक्यांच्या खिट्ट्या लावत, तळहाताने दाबून बघत, आणि खिडकीखालच्या प्लायवूडवर बरोबरची खूण करत. मुक्कामाला पोचल्यावर खिडकी उघडताना ओल्या फडक्याने ती पुसत. खूण असलेली खिडकी म्हणजे बंद खिडकी. अकरा वर्षे हा नेम चालला आणि या अकरा वर्षांत माझी एकही खिडकी रस्त्यात उघडली नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात मात्र घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता. आजोबा सदुसष्ट वर्षांचे झाले होते. त्या हिवाळ्यात एकदा त्यांनी दूध गॅसवर ठेवले आणि ते नाक्यावर गप्पा मारत बसले. एकदा बाजारातून परत येताना ते गल्ली चुकले आणि तासभर फिरत राहिले. मी खोटे सांगणार नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आजोबांचे वडील शेवटी शेवटी पोटच्या मुलांनाही ओळखत नव्हते. त्यामुळे आजोबांना स्वतःच्या विसरण्याची फार भीती वाटे. माझ्या पायरीवर एकटे बसले की ते हळू आवाजात पावकीचे, म्हणजे पाव पटीचे, पाढे म्हणत. अडले तर पुन्हा पहिल्यापासून. पाढे पाठ आहेत तोवर डोके शाबूत आहे, असा त्यांचा हिशोब असावा.

त्यांचा मुलगा कफीर किर्यात गात शहरातल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात कामाला होता. तिथे म्हणे धुळीचा एक कणही चालत नाही, अंगभर पांढरा पोशाख घालून आत जावे लागते. त्याला चूक कशी ती खपत नसे. मनाने वाईट नव्हता, बापावर त्याचा जीव होता. पण त्याची काळजी बाहेर पडायची ती रागाच्या रूपाने. "अबा, तुम्ही आता गाडी चालवू नका," असे तो दर भेटीत म्हणे. अबा म्हणजे बाबा. आजोबा विषय बदलत.

जुलैमधल्या एका गुरुवारी आम्ही समुद्राकडे निघालो. आजोबांनी चारही खिडक्या लावल्या, दाबल्या, खुणा केल्या. मी शपथेवर सांगतो, चारही. नेतिवोतजवळच्या पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. आजोबा चाकात हवा भरून घ्यायला गेले आणि आजी सहज माझे दार उघडून आत आल्या. बघतात तर सरबताची बाटली कपाटातून पडून फुटलेली आणि चटईवर काळाभोर चिकट डाग. आजींनी काचा गोळा केल्या, चटई पुसली, आणि ओल वाळावी म्हणून तिसरी खिडकी उघडली. पाच मिनिटांनी लावू, असे त्यांच्या मनात होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "चल गं डिना, ऊन चढलं!" आजी दार लावून लगबगीने मोटारीत जाऊन बसल्या.

खिडकी उघडी, खाली खडूची खूण तशीच, आणि आम्ही रस्त्याला लागलो. आजोबांच्या लेखी सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी खडखड करून बघितले, पण जुना कारवान खडखडायचाच, त्याचे कोण मनावर घेणार? चार-पाच किलोमीटर गेलो असू. समोरून एक अवजड ट्रक आला आणि त्याच्या वाऱ्याचा असा तडाखा बसला की खिडकी चौकटीसकट वर उचलली गेली, बिजागरीतून निसटली आणि मागे रस्त्यावर जाऊन आपटली. तावदानाचे तुकडे तुकडे झाले. मागून कोणी येत नव्हते, म्हणून कोणाला लागले नाही. त्या एका गोष्टीसाठी मी आजही देवाचे आभार मानतो.

आजोबांनी गाडी कडेला घेतली. ते खाली उतरले आणि माझ्या अंगावरच्या त्या चौकोनी भोकाकडे बघतच राहिले. आजीही उतरल्या. त्यांना तत्काळ आठवले. त्यांचा हात तोंडावर गेला तो मी पाहिला. त्यांनी कफीरला फोन लावला आणि अर्ध्या तासात तो येऊन पोचला.

"अबा, दाय!" तो आल्या आल्या ओरडला. दाय म्हणजे पुरे. "मी किती दिवस सांगतोय? कोणाच्या डोक्यात बसली असती तर?"

"मी लावल्या होत्या. दोनी खिट्ट्या, माझ्या हातानी," आजोबा म्हणाले.

"मग आपोआप उघडल्या?"

आजी काहीतरी बोलू लागल्या, पण कफीरचा आवाज इतका चढला होता की त्यांचे शब्द ओठांतच राहिले. आजोबा खाली मान घालून चौकटीचे तुकडे गोळा करायला रस्त्याने मागे चालत गेले. तेवढ्या वेळात कफीरने आतून प्लास्टिकचा जाड काळा कागद लावला आणि चारही कडा तपकिरी चिकटपट्टीने बंद केल्या. कागद खिडकीपेक्षा मोठा होता. तो खालच्या प्लायवूडवरही आला आणि खडूची खूण त्याच्या मागे गेली; रागाच्या भरात कफीरचे तिच्याकडे लक्षही गेले नाही. मग कफीरने मोटारीची चावी काढून आपल्या खिशात टाकली.

आपली गाडी तिथेच कडेला ठेवून तो स्वतः आजोबांची गाडी चालवत आम्हाला ओफाकिमला परत घेऊन आला. समुद्र राहिला. कफीरने दवाखान्यातून येता सोडून त्यापुढच्या रविवारची वेळ घेतली. डॉक्टर आजोबांची स्मरणशक्ती तपासणार होते, आणि त्यानंतर गाडी चालवायचा परवाना परत करायचा, असे कफीरने ठरवूनच टाकले होते.

मित्रांनो, पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. आजोबा रोज सकाळी आत येत आणि तिसऱ्या खिडकीसमोर उभे राहत. चिकटपट्टीचा कोपरा नखाने जरासा उचलला की झाले, मागची खूण दिसली असती. ते नख लावत आणि बोट मागे घेत. आपण खूण केली होती असे त्यांना आठवत होते, पण आठवणीवरचा त्यांचा भरवसाच उडाला होता. पट्टी काढली आणि खूण नसली तर? मग वडिलांसारखेच आपलेही व्हायला लागले, असे मानावे लागणार होते. त्यापेक्षा न बघितलेले बरे. ते पायरीवर येऊन बसत आणि पावकीचे पाढे म्हणत. दोनदा तर 'बावीस पाव साडेपाच'च्या आसपासच अडले. "आहे, खूण आहे!" असे मला ओरडून सांगावेसे वाटे. पण मी पत्र्याचा. फार तर उन्हाने तापून कुरकुरणार.

आणि आजी? त्यांनी ती चटई त्याच दिवशी दोनदा धुऊन टाकली होती. त्या चहाचा ग्लास घेऊन माझ्या दारापर्यंत येत, आजोबांच्या पाठीकडे बघत आणि काही न बोलता ग्लास ठेवून जात. एकदा आजोबा म्हणाले, "डिना, माझं डोकं चाललं गं." आजींनी पदर तोंडाला लावला. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. दोन शब्दांचे काम होते.

खिडकी दुरुस्त तर करायला हवी होती. चौकट वाकली होती, मोडली नव्हती. आजोबांनी ती फळीवर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ केली. मग नव्या तावदानाचे माप घेतले. वर्कशॉपच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे माप इंच आणि सुतांत असे. एका इंचाचे आठ सूत. "रुंदी एकतीस इंच सात सूत, उंची सतरा इंच सहा सूत," ते म्हणाले आणि कफीरने ते कागदावर लिहून घेतले. किर्यात गातला मेइर नावाचा कारागीर ॲक्रिलिकचे पत्रे कापून देई. त्याला माप सेंटिमीटरमध्ये लागे, ते कफीरने काढून दिले.

शुक्रवारी दुपारी कफीर तावदान घेऊन आला. मेइरने त्याला बजावून सांगितले होते, की हे फक्त साबणाच्या पाण्याने धुवा, थिनर लावाल तर बारीक तडे जातील. आजोबांनी ते धुतले, पुसले, चौकटीत रबराची पट्टी बसवली आणि तावदान आत सरकवले. ते बसेना. म्हणजे बसले, पण एका बाजूने धरले की दुसऱ्या बाजूने रबरातून सुटून येई. दोन्हीकडून ते लहान पडत होते.

कफीरने एक लांब श्वास सोडला. "अबा... मापसुद्धा?" त्याच्या आवाजात या वेळी राग नव्हता, आणि आजोबांना त्याचेच जास्त लागले. ते मटकन पायरीवर बसले. हात गुडघ्यांवर ठेवून ते बघू लागले, जणू ते हात दुसऱ्या कोणाचे होते. ज्या माणसाने हजारो खिडक्या बसवल्या, त्याचे माप चुकले! गाडी गेली, आता हातही गेले, असे काहीतरी त्यांच्या मनात आले असणार. मला त्यांच्याकडे बघवेना.

आजी पुढे आल्या. "कागद बघू तुझा." कफीरने खिशातून कागद काढला. आजींनी चष्मा लावला. चाळीस वर्षे सुताराच्या घरात काढलेली बाई ती. "हे एकतीस पॉइंट सात कुटं आलं? सात सूत म्हंजे एक सूत कमी बत्तीस. तू टेन पार्ट्स धरलेस, बाळा. इंचाचे एट असतात. अबांचं मेजरमेंट कधी चुकलं नाय."

कफीरने कॅल्क्युलेटर काढला. एकदा, दोनदा हिशोब केला. रुंदीत साडेचार मिलिमीटर आणि उंचीत जवळजवळ चार मिलिमीटर कमी. ज्याच्या कारखान्यात धुळीचा कण चालत नाही, त्याची चूक डोळ्यांना दिसेल एवढी होती. त्याचे कान लाल झाले. "स्लिखा, अबा," तो म्हणाला. माफ करा, असा त्याचा अर्थ. "रविवारी नवीन कापून आणतो."

"कशाला? हाय ते बसवू," आजोबा उठत म्हणाले. त्यांनी जुन्या सायकलची ट्यूब शोधून आणली, कात्रीने तिच्या अरुंद पट्ट्या कापल्या आणि तावदानाच्या चारही कडांना चिकटवल्या. मग ते रबरात सरकवले. आता तावदान असे घट्ट बसले की कफीरने अंगठ्याने दाबले तरी हलेना. तेच तावदान आजही माझ्या अंगावर आहे, आणि चारी बाजूंनी ट्यूबची काळी रेघ दिसते.

आता खिडकी टांगायची होती. त्यासाठी प्लास्टिकचा कागद काढणे भाग होते. शब्बाथ लागायला दोन तास उरले होते, त्यानंतर उद्या रात्रीपर्यंत हत्याराला हात लावायचा नव्हता. कफीर चौकट उचलून बाहेर उभा राहिला. आजोबा एकटेच आत आले. आजी दारात चहाचा ग्लास घेऊन थांबल्या.

आजोबांनी चिकटपट्टीचा कोपरा धरला. माझा सगळा सांगाडा त्या वेळी ताणला गेला होता. त्यांनी डोळे मिटले आणि एका झटक्यात कागद खाली ओढला. मग डोळे उघडले.

खूण तिथे होती. पांढरी, ठसठशीत, त्यांच्या हाताची.

आजोबांनी भिंतीला हात टेकला. त्यांचा श्वास मोकळा झाल्याचे मला कळले. आपण खिट्ट्या लावल्या होत्या. आपले डोके शाबूत होते. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर समुद्रावरही पाहिला नव्हता. पण तो टिकला क्षणभरच, कारण पुढचा विचार लगेच आला. त्यांनी बंद केलेली खिडकी मग उघडली कोणी? पंपावर त्यांनी हाक मारली तेव्हा आत एकच माणूस होता. त्यांनी खाली बघितले. धुतलेल्या चटईवर अजून फिकट डाग होता. आठ दिवस ज्या बाईने त्यांच्या पाठीमागे चहाचा ग्लास ठेवला होता, ती आत्ता दारात उभी होती.

मला वाटले, आता आजोबा वळतील, ओरडतील, कफीरला आत बोलावून खूण दाखवतील. तो त्यांचा हक्कच होता. मी तर वाटच बघत होतो. पण आजोबांनी अंगठा उचलला आणि ती खूण पुसून टाकली. घासून घासून पुसली. मग बाहेर हाक मारली, "हां कफीर, वर उचल. बिजागरीत सरकव."

खिडकी बसली. कडेला चिकट पट्टी लागली, स्क्रू आवळले गेले, कफीरने बाहेरून नळीने पाणी मारले आणि आत थेंबही आला नाही. आजोबांनी दोन्ही खिट्ट्या लावल्या, तावदान दाबून बघितले आणि ते पायरीवर आले. "कफीर, चावी तुझ्याकडंच ठेव," ते शांतपणे म्हणाले. "संडेला डॉक्टरकडं जाऊ. मी सांगीन त्यास्नी, विसरलो म्हनून."

आजी आत आल्या होत्या. नव्या स्वच्छ तावदानाच्या कोपऱ्यात त्यांना एक पांढरा ठसा दिसला. अंगठ्याचा. त्यांनी खाली प्लायवूडकडे बघितले. तिथे पांढुरका फराटा होता. चहाचा ग्लास त्यांच्या हातून कधी खाली ठेवला गेला, ते त्यांनाही कळले नसेल.

"खिडकी मी उघडली होती," त्या मोठ्याने म्हणाल्या.

कफीरने वळून बघितले. "मा?" मा म्हणजे काय.

"पंपावर. सरबत सांडलं होतं, चटय सुकवाया मी उघडली नि विसरले. अबांनी लावलीच होती. खडूची खून होती त्यांची. आत्ता पुसली त्यांनी, माझ्यासाटी."

"पण इमा, आठ दिवस! का नाही बोललीस?" इमा म्हणजे आई.

आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "तू वरडत होतास. मंग बोलायची येळ निघून गेली. आनि खरं सांगू? दूध जळलं, गल्ली चुकले, मला रोज भ्या वाटायचं. वाटलं, चावी जाते तर जाऊ दे, मानूस तरी घरात ऱ्हाईल."

मित्रांनो, माझा राग तिथल्या तिथे विरला. मी आठ दिवस आजींना दोष देत होतो, आणि त्या बिचाऱ्या तर माझ्यासारख्याच, मागच्या मागे काळजी करत होत्या.

आजोबा उठले. आजींचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि मग आपली बोटे ओठांना लावली. बेने इस्राएल लोक भेटताना असेच करतात. "माझीबी चूक हाय, डिना," ते म्हणाले. "हॉल्ट झाला की परत चेक करायचं, असा वर्कशॉपचा रूल होता. मी खुनेवर भरवसा ठेवला. मुकादम असता तर कान पिळला असता."

कफीर आत आला, खिशातून चावी काढली आणि माझ्या घडीच्या टेबलावर ठेवली. कोणी ती उचलायच्या आत गावातला शब्बाथचा भोंगा वाजला. शब्बाथला चावीला हात लावायचा नसतो. म्हणून ती रात्रभर आणि दुसरा दिवसभर तिथेच पडून राहिली. तिघेही येता-जाता तिच्याकडे बघत होते आणि बोलत होते. इतके बोलणे त्या घरात कित्येक वर्षांत झाले नसेल.

शनिवारी तारे दिसले, शब्बाथ संपला, तेव्हा आजोबांनी चावी उचलली. रविवारी तिघेही डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडे विसरणे आहे, पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही, दर वर्षी येऊन जा. म्हणजे काळजी काही संपली नाही. पण त्या महिन्यात आम्ही समुद्रावर गेलो. तेव्हापासून निघताना आणि प्रत्येक थांब्यानंतर माझ्या प्रत्येक खिडकीखाली दोन खुणा होऊ लागल्या. आधी आजोबा खिट्टी दाबून आपली खूण करत. मग आजी पुन्हा दाबून शेजारी आपली करत. आजींची खूण जरा वाकडी येई आणि आजोबा त्यावरून त्यांना रोज चिडवत.

असे चार उन्हाळे गेले. २००७ साली जुलैतल्या एका सकाळी आजोबा तिसऱ्या खिडकीसमोर खडू घेऊन उभे राहिले. खाली दोन्ही खुणा झालेल्या होत्या. त्यांची आणि आजींची. ते त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "डिना, ही बंद केली का गं मी?"

आजींनी क्षणभरही वेळ लावला नाही. "दोघांनी केली," त्या म्हणाल्या.

आजोबांनी मान हलवली. त्यांना कळले होते. बाहेर येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चावी कफीरला दिली आणि या वेळी ती त्याने दोन्ही हातांनी घेतली. त्या दिवसापासून मी रस्त्यावर गेलो नाही.

आता माझ्या चाकांखाली विटा लावल्या आहेत. पत्रा डागाळला आहे. कफीर अधूनमधून म्हणतो, अंगण मोकळे करू, याला देऊन टाकू, आणि मला पुन्हा भंगारवाला दिसू लागतो. पण रोज संध्याकाळी आजी आजोबांचा हात धरून त्यांना आत आणतात. आजोबांना कफीरचे नाव कधी आठवते, कधी नाही. पावकी तर केव्हाच गेली. पण खिडकीसमोर उभे केले की त्यांचे हात आपोआप खिट्टीकडे जातात. लावतात, तळहाताने दाबतात, खिशातला खडू काढून खूण करतात. आजी शेजारी आपली वाकडी खूण करतात. आम्ही आता कुठे जाणार नाही, म्हणून त्या पुसायची गरज पडत नाही. रोज त्याच रेघांवर खडू फिरतो.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात काही मोडले तर आधी सगळ्यांना नीट विचारा, आणि ज्याचे वय झाले आहे त्याच्यावर घाईने बोट दाखवू नका. आणि तुम्ही कधी ओफाकिमला आलात आणि मोठ्या हौसेने मला धुवायला घेतलेत, तर पत्रा खुशाल घासा, तावदानेही साबणाच्या पाण्याने पुसा. पण तिसऱ्या खिडकीखाली मात्र फडके फिरवू नका.